ड्रायरमध्ये, तोंड बांधून

चार जिने चढून आलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाचं तोंड कोणी पट्टीने बांधलं, तर त्याला तुम्ही शिस्त म्हणाल की छळ?

मण्याला टेबलावर ठेवलं तेव्हा त्याची मान टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती. मण्या म्हणजे पांढरा, झुपकेदार पॉमेरियन. त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून आणलं होतं प्रसादने. प्रसादचं डॉग पार्लर आमच्या दवाखान्यापासून दोन चौक पुढे, एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात आहे. त्याच्यामागे त्याच्याकडे काम करणारी रेश्मा होती. तिच्या ॲप्रनला अजून शाम्पूचा फेस होता.

"मॅडम, हा शेतावरचा कुत्रा आहे," प्रसाद मी विचारायच्या आधीच म्हणाला. "आल्यापासून सुस्त होता. तिकडे काहीतरी खाल्लं असणार. आमच्याकडे फक्त अंघोळ झाली."

मी नाशिकला म्हसरूळच्या एका दवाखान्यात जनावरांची डॉक्टर आहे. दवाखाना सरांचा, मी नोकरीला. त्या दिवशी सर बाहेरगावी होते आणि दवाखान्यात मी एकटीच होते. मे महिन्याची दुपार होती.

मण्याला उलटी झालेली होती. पाय थरथरत होते. तोंडातून लाळ गळत होती. नाशिकच्या कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरला हे चित्र पाहिलं की पहिली आठवते ती द्राक्षबाग. बागेत फवारलेलं औषध पानावरून, टाकीवरून, बुटावरून कुत्र्याच्या जिभेवर येतं आणि नेमकं असंच होतं. त्यावर ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन असतं. ते वेळेत दिलं तर जनावर वाचतं. मी बाटली फोडून सिरिंज भरायला घेतली.

तेवढ्यात मण्याचे मालक धावत आत आले. भाऊसाहेब, दिंडोरीकडचे. पन्नाशीचे असतील. दोन्ही हातांत कापडाच्या दुकानाच्या पिशव्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. मण्या त्या मुलीचा. फोटोत तो स्वच्छ दिसावा म्हणून तिने वडिलांना सांगून त्याला शहरात पाठवलं होतं, आणि मण्याचं आवरून होईपर्यंत भाऊसाहेब मेन रोडला खरेदी करून येणार होते.

"काय झालं वो याला? चांगला उड्या मारत आला होता गाडीत."

"काका, बागेत फवारणी कधी केली?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा पडला. पिशव्या खाली ठेवल्या. "काल सकाळी. थ्रिप्स किडीवरचं मारलं. हा तिथंच फिरत होता, मी हाकललाबी होता." मग ते मण्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे मीच मारलं का त्याला, ताई?"

"मी तेच म्हणत होतो," प्रसाद म्हणाला.

त्याच्या त्या वाक्याने मी थांबले. काल सकाळचं औषध आणि आज दुपारी थरथर? आणि मधे गाडीत उड्या? मी सिरिंज बाजूला ठेवली आणि थर्मामीटर लावला.

फवारणीच्या विषबाधेत कुत्र्याच्या डोळ्यातली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक होते. मण्याच्या बाहुल्या मोठ्या होत्या. विषबाधेत लाळ पाण्यासारखी पातळ असते. मण्याची लाळ चिकट होती, बोटाला तार येत होती. हिरड्या विटेसारख्या लाल. थर्मामीटर काढला तर पारा एकशे सातच्या वर. कुत्र्याचं अंग माणसापेक्षा थोडं गरमच असतं, पण एकशे तीनच्या वर गेलं की आम्ही ताप म्हणतो. एकशे सात म्हणजे आतून शिजणं.

आणि नाकाच्या वर, डोळ्यांच्या थोडं खाली, त्या पांढऱ्या केसांत एक आडवी खाच होती. बोटभर रुंद. केस तिथे दबून बसले होते. हनुवटीखाली तशीच.

"याचं तोंड बांधलं होतं?" मी प्रसादला विचारलं.

"नाही हो. आमच्याकडे मझल फक्त चावऱ्या कुत्र्यांना."

"ड्रायरमध्ये ठेवला होता?"

"पाच मिनिटं. नॉर्मल एअर."

मी रेश्माकडे बघितलं. ती मण्याच्या पायाकडे बघत होती.

"तिला काय विचारता, मॅडम? ती नवीन आहे."

"मी कोणाला दोषी ठरवत नाहीये," मी म्हणाले. खरं तर ठरवत होते, पण ते नंतरचं. "या सिरिंजमधलं औषध हृदयाचे ठोके वाढवतं. विष असेल तर त्याने हा वाचेल. उष्णतेने झालं असेल तर त्याचं हृदय आधीच धावतंय, याने ते बंद पडू शकतं. मला आत्ता कळायला हवं. रेश्मा, तोंड बांधलं होतं का?"

"हो."

"रेश्मा," प्रसाद म्हणाला.

"बांधलं होतं, सर. सगळ्यांचंच बांधतो ना आपण." ती आता माझ्याकडे बघून बोलू लागली. "अंघोळ झाली की पट्टी बांधून बॉक्समध्ये ठेवतो. हा आत गेला आणि एक मोठा लॅब्रेडॉर आला, त्याला धरायला मला बोलावलं. परत आले तर हा आडवा पडलेला. पट्टी मीच सोडली."

हा बॉक्स म्हणजे काचेचं दार असलेलं कपाट. ओल्या कुत्र्याला आत बसवायचं, खालून गरम हवा सोडायची. माणसाचे हात मोकळे राहतात, म्हणून पार्लरवाल्यांना तो आवडतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तेवढाच त्याचा पंखा. मण्याच्या अंगावर दाट लोकर, बाहेर मे महिना, खालून गरम हवा, आणि तो एकमेव पंखा पट्टीने बंद केलेला.

सिरिंज मी कचऱ्यात टाकली.

मग बोलायला वेळ नव्हता. मण्याला उचलून मोरीत ठेवला. "काका, तो पाण्याचा मग घ्या. साधं पाणी. पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर. डोक्यावरून नको."

"बर्फ आणू का? समोर ज्यूसवाला हाय."

"नको." बर्फ लावला की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. साधं पाणी आणि वारा. रेश्माने न सांगता स्टँडचा पंखा ओढून आणला. मी पायाचे केस कापून सुई लावली, सलाइन सुरू केलं. भाऊसाहेब गुडघ्यांवर बसून पाणी ओतत होते. नवीन पॅन्ट भिजली होती. मण्याला एक झटका आला, सगळं अंग ताठ झालं, आणि भाऊसाहेबांच्या हातातला मग तसाच राहिला.

"ओता," मी म्हणाले. "थांबू नका."

झटक्याचं इंजेक्शन दिलं. पारा हळूहळू उतरला. एकशे तीनला आल्यावर मी पाणी थांबवलं, कारण त्यापुढे अंग स्वतःच गार होत जातं आणि कधीकधी फार गार होतं. मण्याने डोळे उघडले, पण ओळख नव्हती त्यांत.

"वाचंल का?"

"आज रात्र काढायला हवी. किडनीला धक्का बसलेला असतो. लघवी केली तर बरं लक्षण."

याच वेळी माझा फोन वाजला, तो मी दाराशी जाऊन घेतला. सर होते. प्रसादने बाहेर जाऊन त्यांना आधीच फोनवर गाठलं होतं.

"हीटस्ट्रोक आहे ना? मग मालकाला हीटस्ट्रोक सांग. मे महिना आहे, होतं."

"कशाने झाला ते नको सांगायला?"

"आपण डॉक्टर आहोत, पोलीस नाही. प्रसाद आपल्याकडे किती पेशंट पाठवतो माहीत आहे ना? दोन्ही बाजू सांभाळ."

"सर, इथे माणूस स्वतःला खुनी समजून बसलाय. पट्टीचं बोलणं त्याच्यासमोरच झालं, तरी फवारणीमुळेच झालं असं त्याला वाटतंय. त्याला मी काय सांगू?"

"तू पत्रकं वाटणाऱ्या घरातली आहेस, मला माहीत आहे. पण दवाखाना माझा आहे." फोन बंद.

घरातली आहे, खरंच. आमच्या कॉलनीत दर रविवारी बाबांबरोबर मी घरोघरी पत्रकं टाकली आहेत. कामाचे तास, पाणीपट्टी, शाळेची फी. लहानपणी ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला आधी सांगायचं, एवढंच त्यातून कळलं. मी आत गेले आणि भाऊसाहेबांना सगळं सांगितलं. तुमच्या औषधाने नाही. तोंड बांधून गरम हवेत ठेवल्याने.

त्यांनी मोरीच्या कठड्याला धरून मण्याच्या अंगावरून हात फिरवला. मग बाहेर गेले. मी मागे धावले, कारण त्यांच्या हाताची मूठ वळलेली मी बघितली होती.

प्रसाद हुशार. त्याने हात जोडले. "दादा, माणसाकडून चूक होते. आजपासून ही पोरगी माझ्याकडे नाही. रेश्मा, उद्यापासून येऊ नको."

रेश्मा ॲप्रनची गाठ सोडायला लागली.

"थांब गं," भाऊसाहेब म्हणाले. मग प्रसादला, "ती खरं बोलली म्हणून हा जित्ता हाय. तुमी खोटं बोलत व्हता. आन् काढता हिला? लय सोपं काम धरलं राव."

"दादा, पट्टी तिने बांधली."

"बांधायला कोणी सांगितली?" मी विचारलं.

उत्तर रेश्माने दिलं. "वरच्या लोकांनी, मॅडम. म्हणजे त्यांनी बांधा असं नाही सांगितलं. ड्रायर लावला की कुत्री भुंकतात. दुपारी झोपमोड होते म्हणून सोसायटीने आमच्या सरांना सांगितलं, आवाज बंद नाही झाला तर गाळा खाली करा. तेव्हापासून सरांचा नियम, बॉक्समध्ये टाकायच्या आधी सगळ्यांना पट्टी."

"मग मी काय करू?" प्रसादचा आवाज पहिल्यांदा खरा वाटला. "डिपॉझिट दिलंय, मशीन बसवलंय. कुत्रा भुंकणार नाही अशी अंघोळ असते का जगात?"

"नसते," मी म्हणाले. "म्हणून तोंड बांधायचं नसतं."

भाऊसाहेब त्या रात्री परत गेले, साखरपुडा टाळता येणार नव्हता. जाताना मला विचारलं, "पोरीला काय सांगू?" मी म्हणाले, खरं सांगा. त्यांनी सांगितलं. मुलीने मग मला फोन केला. ती रडली नाही, तिने फक्त विचारलं, "लघवी केली का त्यानं?" तिला वडिलांनी तेवढंच नीट समजावलं होतं.

सकाळी केली. पिंजऱ्यातल्या कागदावर, गडद रंगाची, पण केली. मी मुलीला मेसेज पाठवला. साखरपुड्याच्या फोटोंत मण्या नाही. चौथ्या दिवशी घरी गेला. चालताना अजून मागचा एक पाय ओढतो, आणि मिक्सर सुरू झाला की पलंगाखाली जातो. वाचला, असं आम्ही म्हणतो.

प्रसादने बॉक्स काढलेला नाही. पट्टी काढली, हाताने ड्रायर धरून वाळवतो असं सांगतो. पार्लरच्या दाराच्या काचेला लावलेला चिकट कागद मात्र अजून आहे, त्यामुळे आत काय चालतं हे मला माहीत नाही. रेश्माला त्याने काढलं नाही, तीच सोडून गेली. आता पाथर्डी फाट्याकडे दुसरीकडे काम करते. आमच्या दवाखान्यात प्रसादकडून पेशंट येणं बंद झालं. सर महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. मग एके दिवशी त्यांनीच एका मालकिणीला सांगताना मी ऐकलं, "ड्रायर कुठला वापरतात ते बघून घ्या हं." माझं नाव घेतलं नाही. चालतं.

एक गोष्ट मी अजून केली. त्या सोसायटीच्या मीटिंगला गेले. मला बोलावलं नव्हतं. मण्याचा फोटो दाखवला, नाकावरच्या खाचेचा. एक काका चष्मा वर करून म्हणाले, "आम्ही आवाज बंद करा म्हटलं होतं. तोंड बांधा असं कुठे म्हटलं?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना दुपारी शांतता हवी होती, ती मिळाली. कशी मिळाली हे विचारायला कोणी तळमजल्यावर उतरलं नाही. या कामात मी एवढं शिकले की जनावराला इजा करणारा हात शोधणं सोपं असतं. त्या हाताला घाई कोणी केली, हे शोधायला वरचे मजले चढावे लागतात, आणि तिथे सगळे सभ्य लोक राहतात.

तुमच्याही बिल्डिंगखाली असं पार्लर असेल, तर माझी एक विनंती आहे. दुपारी खालून भुंकण्याचा आवाज आला की सेक्रेटरीला फोन करू नका. चप्पल घाला, खाली जा, दार ठोठावा आणि आत बघू द्या म्हणा. आणि ज्या दुपारी खालून अजिबात आवाज येणार नाही, त्या दुपारी तर नक्की जा.