धोट्याला लागलेलं तोंड

"मॅडम, तुम्ही कोट्यातून आलात, हरकत नाही. पण तो कोटा पोरांच्या वहीत आणू नका."

संस्थेचे सचिव असं म्हणाले आणि हसले. मुख्याध्यापक हसले. कोपऱ्यात हजेरीपट घेऊन बसलेल्या दोन ज्येष्ठ शिक्षिकाही हसल्या. मी उभी होते. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, बसा म्हणालं नाही कुणी. टेबलावर सातवीतल्या प्रज्ञाची वही उघडी होती. तिच्यातल्या चार ओळी लाल पेनानं खोडल्या होत्या. माझे कान तापले. रडू येईल म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

सोलापुरातली ही खासगी शाळा. मी तिथं शिक्षणसेवक. म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं, मग नोकरी कायम. माझे चार महिने उरले होते. शाळेच्या वर्धापनदिनाला मुलांच्या लेखनाचं पुस्तक काढायचं ठरलं होतं, विषय आपल्या भागाचा इतिहास. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं.

मला मात्र हुरूप आला. मी पोरांना सांगितलं, गाईड बंद. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. त्याच्या कामाचं विचारा. मग त्या कामातली एक वस्तू निवडा आणि ती वस्तू होऊन लिहा. पोरं नुसती सुटली. एक मुलगी आजीची विडीची पानं कापायची कात्री झाली. घरी तेलुगू बोलणारा एक मुलगा आजोबांचा हातमाग झाला. प्रज्ञा धोटा झाली.

तिचे आबा पंच्याऐंशीच्या घरातले. इथल्याच एका गिरणीत त्यांची हयात गेली. ती गिरणी आता बंद आहे. मागावर कापड विणताना आडवं सूत घेऊन जो लाकडी धोटा धावतो, त्यातलं सूत संपलं की नवी कांडी घालावी लागे. मग सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्यासाठी भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा. सूत फट्कन तोंडात. एकच धोटा पाळीपाळीनं चार जणांच्या तोंडाला लागे. म्हणून विटाळाच्या नावाखाली आमच्या माणसांना विणाईच्या खात्यात घेत नसत. कागदावर तसा नियम नव्हता. पण एखादा आत आला तर बाकीचे माग सोडून उभे राहत. आमच्यांनी सूत कातायचं, कापूस झाडायचा. विणायचं दुसऱ्यांनी. तिथं पगारही बरा होता.

प्रज्ञा आमच्यातलीच. आम्ही दोघी बौद्ध. मी तिला काहीही सुचवलं नव्हतं, शपथेवर सांगते. तिनं लिहिलं होतं:

"मी धोटा आहे. मला खूप जणांची तोंडं लागली. प्रज्ञाच्या आबांचं एकदाच लागलं, जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना. एकानं बघितलं. त्यानं आबांना मारलं आणि मला बॉयलरमध्ये टाकलं. आता मी राख आहे, पण मला सगळं आठवतं."

ही गोष्ट आबांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती, पोटच्या पोरालाही. नात वही घेऊन पुढ्यात बसली म्हणून सांगितली. वाचून मी वर्गातच रडले. पोरं घाबरली.

आणि त्याच ओळी खोडून सचिव मला म्हणत होते, "आता कुठं राहिलंय तसलं? सगळे कामगार भावासारखे राहायचे. तसं काहीतरी लिहा. तुमची भाषा चांगली आहे."

तुमची भाषा चांगली आहे. हे मला जास्त लागलं.

मी काय केलं? वही घेतली. स्टाफरूममध्ये बसले. चार महिने डोळ्यांसमोर नाचत होते. घरी आईचं डायलिसिस चालू. मी प्रज्ञाच्या ओळींच्या जागी माझ्या हातानं लिहिलं: "गिरणीतले सगळे कामगार एका घरातल्यासारखे राहत. माझ्या भोकाला सगळ्यांची माया लागे." वाक्य छान झालं. मुख्याध्यापक म्हणाले, वा. मी प्रज्ञाला सांगितलं नाही. सांगायचं धाडस नव्हतं.

वर्धापनदिनाला आबा आले. पांढराशुभ्र शर्ट, इस्त्रीच्या घड्या तशाच. सोबत वस्तीतले दोन म्हातारे. पहिल्या रांगेत पाहुणे होते, हे तिघं मागे भिंतीला टेकून उभे राहिले. प्रज्ञा माईकसमोर आली. नवंकोरं पुस्तक तिच्या हातात दिलं. ती वाचू लागली, मोठ्यानं, आबांना ऐकू जावं म्हणून. मी धोटा आहे. मला खूप जणांची तोंडं लागली.

मग ती थांबली.

पान उलटून बघितलं. पुन्हा मागे आली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. सचिव खुर्चीत वळले. आणि मी, तिची बाई, मी हातानं खूण केली. वाच.

तिनं वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात सचिवांनी.

कार्यक्रम संपल्यावर आबा माझ्याजवळ आले. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात जोडले.

"बाई, म्या ते सांगाय नको हुतं का? पोर लईच मागं लागली, म्हणून सांगितलं. तुमास्नी तरास झाला असंल. माफी करा."

ज्या माणसानं मार खाल्ला, तोच माझी माफी मागत होता. मी नुसती मान हलवली, आणि त्याचा त्यांनी काय अर्थ घेतला देव जाणे. ते गेले.

पंधरा दिवसांनी चाचणीत निबंध होता, माझे आजोबा. प्रज्ञानं लिहिलं होतं: "माझे आजोबा रोज सकाळी बागेत फिरायला जातात. आरामखुर्चीत बसून ते वर्तमानपत्र वाचतात आणि आम्हाला संस्कारकथा सांगतात." अक्षर सुंदर. चूक एक नाही.

ते मला पाठ होतं. सातवीत असताना मीही हेच लिहिलं होतं, गाईडमधून. माझा आजोबा गटारं साफ करायचा. आमच्याकडे खुर्चीच नव्हती. मला दहापैकी नऊ मिळाले होते आणि मी ते घरी नाचत दाखवले होते. आजोबानं कौतुकानं विचारलं होतं, "काय ल्हिलंस माज्याबद्दल?" मी त्याला वाचून दाखवलं नाही.

मी प्रज्ञाला बोलावलं. म्हटलं, हे तू का लिहिलंस? ती शांतपणे म्हणाली, "बाई, पुढच्या वेळेला काय लिहायचं ते तुम्हीच सांगा की."

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात पुस्तक उघडलं आणि सांगितलं, ही दोन वाक्यं माझी आहेत, प्रज्ञाची नाहीत. ती खोटी आहेत. मी घाबरले म्हणून लिहिली. मग तिची मूळ वाक्यं फळ्यावर लिहिली, जशीच्या तशी. प्रज्ञानं मान वर केली नाही. घंटा झाल्यावर ती निघून गेली. अजूनही ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

आबांच्या घरीही गेले. म्हटलं, आबा, पुन्हा सांगा, या वेळी सगळं छापू. ते बाजेवर पडून होते. म्हणाले, "लई वर्सं झाली बाई. आता कायबी आठवत न्हाय."

त्यांना आठवत होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. मी दाराशी उभी राहून रडले आणि परत आले.

शाळेनं नोटीस दिली. वर्गात संस्थेची बदनामी केली, जातीय तेढ निर्माण केली, सात दिवसांत लेखी माफी मागावी. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "दोन ओळी लिहा, विषय संपवा. कायम व्हायचंय ना?"

मी लिहिलं. "पुस्तकातल्या त्या ओळी माझ्या आहेत आणि त्या खोट्या आहेत. विद्यार्थिनीनं लिहिलेल्या खऱ्या ओळी सोबत जोडल्या आहेत. मी माफी मागते, ती प्रज्ञाची आणि तिच्या आजोबांची. संस्थेची मागत नाही." खाली सही केली, पोच घेतली.

उत्तर यायचं आहे. काय येणार ते मला ठाऊक आहे. नोकरी गेली तर दुसरी शाळा बघीन, तीही नाही मिळाली तर वस्तीतल्या विहारात पोरं जमवीन. म्हाताऱ्यांना विचारायला लावीन, लिहायला लावीन. आणि पुन्हा कुणी म्हणालं, बाई, एवढी ओळ बदला, तर मी पेन उचलणार नाही.