सात नंबरचं घर

सदानंद निकुंभांनी जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. वाईच्या भूमी अभिलेख कार्यालयात ते मोजणीदार होते. चारचौघांत बोलायला बुजायचे, पण नकाशा पुढ्यात आला की चेहरा खुलायचा. एकुलती एक मुलगी सुमेधा संशोधनासाठी जपानमध्ये सेंदाईला गेली आणि फिंटन टायर्नी नावाच्या आयरिश मास्तराशी लग्न करून तिथेच राहिली. २०११च्या मार्चमध्ये समुद्र गावात शिरला, तेव्हा फिंटन किनाऱ्यालगतच्या शाळेतून घरी यायला निघाला होता. तो सापडलाच नाही. त्यांची मुलगी तन्वी तेव्हा रांगतही नव्हती.

सुमेधा मुलीला घेऊन तोक्योत, ओजिमाला आली. एकटे पडलेले सदानंदही तिच्याकडे आले.

तन्वी दुसरीत असताना शाळेत आजी-आजोबांचा दिवस झाला. घरी येऊन तिने विचारलं, "आजोबा, पप्पांच्या बाजूचं कोणीच नाही?"

फिंटन अनाथाश्रमात वाढलेला. एक म्हातारी आजी कधीमधी भेटायला यायची. आपण आयर्लंडमधल्या ड्रमकॉरन गावच्या पॅट्रिक टायर्नीचे, एवढं तिने त्याला सांगितलं होतं. तिचं स्वतःचं नावही आता कोणाला ठाऊक नव्हतं.

सदानंद कामाला लागले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सरकारने कर बसवण्यासाठी आयर्लंडभर घराघराचं आणि शेताशेताचं मूल्यांकन केलं होतं. नकाशावर नंबर, यादीत त्या नंबरापुढे कुळाचं नाव. ड्रमकॉरनच्या यादीत पॅट्रिक टायर्नी एकच निघाला. नदीकाठी, नंबर सात. पुढच्या काळातल्या फेरतपासणीच्या वह्यांच्या रंगीत प्रती त्यांनी मागवल्या. प्रत्येक फेरीला नवी शाई, जुन्या नावावर रेघ, वर नवं नाव. माणसं मरतात, वाटण्या होतात, नावं बदलतात, हे त्यांना नवीन नव्हतं. नंबर मात्र आपसूक हलत नाही. हललाच तर जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता जोडलेला असतो. इथे तसा तक्ता कुठे दिसला नाही, तेव्हा सातावर बोट ठेवून ते खाली उतरत गेले. प्रत्येक पानावर सातापुढे टायर्नीच होता. शेवटचा टायर्नी नोरा नावाच्या बाईचा बाप निघाला, आणि नोरा अजून त्याच घरात राहत होती.

"पक्कं होईपर्यंत तन्वीला सांगू नका हं, बाबा," सुमेधा म्हणाली होती. त्यांना ते पक्कंच वाटत होतं. त्यांनी सांगून टाकलं. तन्वीने नदीकाठच्या घराचं चित्र काढून भिंतीवर लावलं.

रविवारी संध्याकाळी नोरा व्हिडिओ कॉलवर दिसली. पिकल्या केसांची, गुबगुबीत.

"अगं बाई, नाक तर थेट आमच्याच घरचं!" ती तन्वीला म्हणाली. तन्वी लाजून आईच्या कुशीत शिरली. "आणि आजोबा, तुमचा तो नकाशा दाखवा की. आमचा महाल कुठे दिसतोय बघू."

सदानंदांनी नकाशा कॅमेऱ्यासमोर धरला आणि सातावर बोट टेकवलं.

नोरा जवळ सरकली. "हे? नदीकाठचं? छे हो, आमचं घर वर टेकाडावर."

"पण तुमचा नंबर सातच ना?"

"नंतर झाला सात. मधे शेतं एकत्र केली आणि सगळ्या गावाचे नंबर पुन्हा घातले, असं वडील सांगायचे. आधी आमचा चार होता. आणि टायर्नी काय, आमच्या गावात दगड उचलला तरी खाली टायर्नी!" ती हसली, आणि समोर कोणीच हसत नाही हे पाहून थांबली.

सदानंदांनी प्रती पुन्हा चाळल्या. नदीकाठची जागा पुढच्या वहीत नऊ नंबराखाली गेली होती. तिथे पॅट्रिकच्या नावावर लाल रेघ होती आणि शेऱ्यात दोनच शब्द. घर पडलं. त्यानंतर नाव नव्हतं.

"ते लोक कुठे गेले?" सुमेधाने विचारलं.

"कोण जाणे, पोरी. मी पाहिलं तेव्हा तिथे नुसती झुडपं होती." नोराचा आवाज उतरला. "तरी तिला म्हणावं, मला आजी म्हण."

"चिगाऊ नो?" तन्वीने आईला हळूच विचारलं. म्हणजे, या आपल्या नाहीत?

सुमेधाने 'नाहीत' अशी मान हलवली. तन्वीने शाळेत शिकवल्याप्रमाणे पडद्याकडे पाहून वाकून नमस्कार केला, आत गेली आणि भिंतीवरचं चित्र काढून आणलं. ते तिने कागदाच्या रद्दीत ठेवलं, नीट घडी घालून.

"बाप गेला, हे मीच सांगितलं तिला," कॉल संपल्यावर सुमेधा म्हणाली. "आता बाकीचेही गेले म्हणून सांगू? नका शोधू आता काही, बाबा."

सदानंदांनी प्रती गोळा करून कपाटात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना त्यांनी सेंदाईजवळच्या त्या किनाऱ्याचा नकाशा उघडला. निदान पप्पांचं घर कुठे होतं, एवढं तरी तन्वीला दाखवावं. पण भराव घालून जमीन उंच केली होती, रस्ते नवे आखले होते, प्लॉटना नवे नंबर दिले होते. फिंटनच्या घराचा नंबर त्यात नव्हताच. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता नगरपालिकेत मिळेल, असं खाली लिहिलं होतं.

तो मागवावा का, हे सुमेधाला विचारायचं त्यांचं धाडस झालं नाही. तन्वीनेही त्यांना पुन्हा कधी काही विचारलं नाही.