शेकलेला ढोल

कुठे पेंढा जळाल्याचा वास आला की मला महाडच्या आमच्या शाळेची मागची पडवी दिसते. पावसाळी हवेत ढोलाचं कातडं सादळायचं, म्हणून वाजवण्याआधी बँडचे सर ढोल पेंढ्याच्या आगीवर शेकायचे आणि टिचकी मारून कान द्यायचे. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी हे काम त्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं. म्हणाले, "तळहात ठेवून बघत राहा गो, चटका बसायच्या आत उचल." पण ढोल वाजल्याशिवाय निरोप सुरू होणार नव्हता, आणि मला सर जायलाच नको होते. चटका बसला तरी मी ढोल उचलला नाही. कातडं फटकन उललं. सर धावत आले. "आग एकदम भडकली," मी खोटंच सांगितलं. धुमसणाऱ्या पेंढ्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "पेंढा तर ओला हाय गो." मग रिकाम्या हातांनी ताल देत ते बिगुलांपुढून चालत गेले, आणि पुढच्या पावसाळ्याआधीच पोलादपूरला वारले. आता माझे हात थकलेत, पण चुलीवरचं काहीही मी चटका बसायच्या आत उचलते. कातडं उलल्याचा आवाज तरीही येतोच.