घोंगडीवीर आज दारात उभा

मंडळी, आज काय झालं ते ऐका.

माझ्या कॉमिकमधला घोंगडीवीर तुम्हाला ठावं हाय. भालकीच्या नव्या कॉलनीत राहतो. घोंगडी पाठीला बांधून शेळी वाचवायला विहिरीत उडी घेतो. शेळी आपली आपण वर येती आणि हा खालून विचारतो, "आता मला कोण काढणार?"

आज शेजारचे शिवराजअण्णा मोबाईलवर माझं कॉमिक उघडून दारात! गेल्या साली शेळीसाठी विहिरीत तेच उतरले होते. वाटलं, आता मार बसतो.

"हे मीच न्हवं?"

"व्हय, अण्णा."

"हसव की लोकांला. पण शेळी मीच वर दिली होती. ते कामून दाखवत न्हाईस?"

त्यांच्या हातातून ती शेळी वर घेणारा मीच होतो.

विसरलो नव्हतो, मंडळी. हसू कमी होईल म्हणून गाळलं. आता अण्णांना तोंड कसं दाखवू?