धनेशाच्या झाडाची चौकशी

पहिलं पत्र गणपती गेल्यावर आठवड्याभरानं आलं. नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं होती ती. मी पोलादपूरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारची एसटी धरून घरी जायचे, कुडपणच्या पठारावर. गाडी वरपर्यंत येत नसे. शेवटचा चढ पायीच.

शिपायानं पत्र वर्गात आणून दिलं. पाकिटावरचं परदेशी तिकीट बघून पुढच्या बाकावरच्या मुली वाचायच्या थांबल्या. मला परदेशात ओळखणारं कोणीच नव्हतं, म्हणून मी ते मधल्या सुटीपर्यंत फोडलं नाही.

पत्र लिहिणारे नवराबायको होते, दोघंही साठीच्या पुढचे. तो शाळेतून निवृत्त झालेला, ती ग्रंथालयातून. त्यांच्या थंड देशातले पक्षी बघून झाले होते. आता एकदा उष्ण मुलुखातल्या रानात महिनाभर राहायचं, तेही जीपमधून वाघ दाखवतात तसल्या ठिकाणी नव्हे, असं त्यांनी ठरवलं होतं. आदल्या वर्षी ते मुंबईत ज्या हॉटेलात उतरले, तिथे माझा चुलतभाऊ काउंटरवर कामाला होता. माझ्या गावात धनेश घरटं करतो आणि माझ्या बहिणीला इंग्रजी येतं, असं त्यानं त्यांना सांगितलं होतं. पत्ताही त्यानंच दिलेला. मला एका शब्दानं न विचारता.

खाली सतरा प्रश्न होते, नंबर घालून. मला आधी गंमत वाटली. त्या शनिवारी अंगणात बसून मी ते एकेक करून मराठीत सांगू लागले. बाबा गुरांची दावी वळत होते. धनेश कुठल्या महिन्यात ढोलीत जातो, कुठली फळं खातो, शेकरू दिसतं का, बिबट्यानं इतक्यात गुरं मारली का, इथवर त्यांनी नीट उत्तरं दिली. मग मी नववा प्रश्न वाचला. उन्हाळ्यात पाणी कुठल्या झऱ्याला टिकतं?

"ते कशाला पायजे त्यांना?"

"पाण्यावर पक्षी येतात म्हणून असेल."

"बरं. पुढं वाच."

पुढचा प्रश्न होता, घरट्याचं झाड ज्या जमिनीत आहे ती कोणाच्या मालकीची? तिथे पुढे काही बांधायचा कोणाचा विचार आहे का?

बाबांनी दावं खाली ठेवलं. "पाखरू बघनाऱ्याला सातबारा कशाला लागतो गो?"

 झाड आमच्याच जमिनीत होतं. जुना बेहडा, माळाच्या कडेला. जमीन सामायिक, अर्धी बाबांची आणि अर्धी त्या चुलतभावाची, काका वारल्यापासून. दर वर्षी शिमग्याच्या आसपास धनेशाची मादी त्या बेहड्याच्या ढोलीत जाऊन बसायची, ढोलीचं तोंड आतून लिंपून घ्यायची, आणि नर एका फटीतून तिला फळं भरवायचा. आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. त्यासाठी कोणी समुद्र ओलांडून येईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

बाबांनी शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांना बोलावलं. आजोबा ऐकून घेऊन म्हणाले, "आमच्या लानपनी अशीच दोन मानसं आलीवती. फुलं गोळा करतो म्हनाली. मागनं साखळ्या घेऊन मोजनीवाले आले." मोजणीचं पुढे काय झालं ते त्यांना आठवत नव्हतं. पण तेवढं पुरलं. दोन दिवसांत वाडीभर झालं की मास्तरीण परदेशात गावाची माहिती कळवते.

मी महाडला जाऊन एसटीडी बूथवरून चुलतभावाला फोन केला.

"टेन्शन नको घेऊ गं," तो म्हणाला. "बर्डवॉचर लोक आहेत. जे विचारतील ते सांग. चांगलं लिही, म्हणजे येतील."

"तुला काय एवढी घाई?"

"मला कसली घाई? गावाचं नाव होईल."

गावाच्या नावाची काळजी त्याला आजवर कधी नव्हती. दोन वर्षांत तो गावातल्या स्वतःच्या आईला भेटायला एकदाच आला होता. तेव्हा हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण माझा सगळा संशय पाकिटावरच्या त्या परदेशी तिकिटाकडे लागलेला होता.

मी बाकीच्या प्रश्नांची उत्तरं पाठवली. पाणी आणि जमीन गाळून टाकली. दिवाळीनंतर दुसरं पत्र आलं. आभार मानले होते, मार्चमध्ये यायचं ठरत आलंय असं होतं, आणि गाळलेले दोन्ही प्रश्न पुन्हा विचारले होते. शिवाय हातानं काढलेला नकाशा मागितला होता. वाड्या, पायवाटा, झरे आणि ते झाड.

आता मात्र मला भीती वाटली. चुकून उत्तर राहिलेला प्रश्न माणूस पुन्हा विचारतो, हे मला शिक्षिका असून सुचलं नाही. मुद्दाम गाळलेलं त्यांनी बरोबर हेरलं, एवढंच मनात आलं. मी आठवडाभर विचार केला आणि एका संध्याकाळी खोलीवर बसून लिहिलं की, कळवायला वाईट वाटतं, पण परतीच्या पावसात तो बेहडा मुळापासून पडला. धनेश आता आमच्याकडे दिसत नाही.

पत्र पेटीत टाकलं. घरी काहीच सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी चढ चढून वर आले तेव्हा झाडाकडे बघायचं टाळलं.

त्यांचं उत्तर जानेवारीत आलं. अक्षर बाईचं होतं. झाडाचं वाचून नवरा दिवसभर फारसं बोलला नाही, असं तिनं लिहिलं होतं. ते आता केरळात जाणार होते. तरी माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. नाहीतर एवढ्या लांब येऊन निराश व्हावं लागलं असतं. आणि शेवटी दोन ओळी होत्या. जमिनीबद्दल पुन्हापुन्हा विचारलं त्याची माफी असावी. तुमच्या भावानं सांगितलं होतं की झाडालगतच त्याचं गेस्टहाउस होणार आहे, आणि आम्ही तिथले पहिले पाहुणे असू. घरट्याशेजारी बांधकाम होणार असेल तर तिथे राहायचं आमच्या मनाला पटत नव्हतं.

मी ते पत्र शाळेच्या व्हरांड्यात उभ्यानं दोनदा वाचलं.

शनिवारी बाबांना सगळं सांगितलं, माझं खोटंसुद्धा.  ते म्हणाले, "झाड पाडलंस व्हय. बरं केलंस का वाईट केलंस, मला नाय सांगता येत." आणि थोड्या वेळानं, "त्याला इचारू. शिमग्याला येईलच."

तो आला. बरोबर मुंबईचा एक मित्र होता, गळ्यात कॅमेरा. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र माळावर पावलं टाकत फिरत होता. सरळ चालायचा, वळायचा, पुन्हा सरळ. बाबा ओट्यावरून ते बघत होते. भाऊ चहा घ्यायला आला तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझा दोस्त काय मोजतो?"

"काही नाही काका. असंच फिरतोय."

"तुझ्या हाटेलात उतरलेल्या त्या परदेशी मानसांना तू काय सांगितलंस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पत्र पुढे केलं. ते त्यानं वाचलं नाही, नुसतं हातात धरलं.

"काका, डेव्हलपमेंटची गोष्ट आहे. फॉरेनर लोक येतात हे पैसे घालणाऱ्या पार्टनरला दाखवायचं होतं. एकदा ते येऊन गेले की तो हो म्हणणार होता. तुम्हाला सांगणारच होतो."

"कवा?"

"सगळं पक्कं झाल्यावर."

"मंग पक्कं झालं नाय असं समज. मी सही करनार नाय. तुझी अर्धी तू वाटनी करून घे, काय बांधायचं ते बांध. झाड माझ्या हिश्श्यात घेईन."

आवाज कोणीच चढवला नाही. माझी चुलती, त्याची आई, चुलीजवळ बसून सगळं ऐकत होती, ती फक्त एवढंच म्हणाली, "तिला मधी घालायला नको होतंस." दुपारच्या आतच तो मित्राला घेऊन खाली उतरला. पुढे चार वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. वाटणी त्यानं मागितली नाही आणि गेस्टहाउसही झालं नाही.

त्याच आठवड्यात मी त्या नवराबायकोला खरं लिहिलं. झाड उभं आहे, मादी ढोलीत बसली आहे, मी खोटं बोलले. सोबत नकाशा जोडला. झरेसुद्धा दाखवले. महिने गेले तरी उत्तर आलं नाही. मी धरून चालले की तो विषय संपला.

दिवाळीत पत्र आलं. केरळ त्यांना आवडलं होतं. माझ्या खोट्याबद्दल एक अक्षर नव्हतं. फक्त लिहिलं होतं की मार्चमध्ये येतोय, आणि खाली नवे पाच प्रश्न. त्यातला एक होता, तुमच्या वडिलांची आमच्या येण्याला संमती आहे का?

"सांग, या म्हनावं," बाबा म्हणाले. "पन मी बरोबर ऱ्हाईन."

ते आले आणि आमच्याकडेच उतरले. पोलीस ठाण्यात रीतसर कळवलं होतं, तरी पोलिसपाटील दोनदा चौकशी करून गेला. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या पिशव्यांत साखळी आहे का ते लांबूनच पाहिलं. आईनं तांदळाच्या भाकऱ्या केल्या, आणि त्यांनी त्या खाल्ल्या. रोज पहाटे दोघं झाडापासून पन्नास-साठ पावलांवर करवंदीच्या जाळीआड बसायचे, आणि बाबा त्यांच्या मागे, कोयता मांडीवर घेऊन. नर आला की तो म्हातारा पुटपुटायचा आणि ती वहीत काहीतरी टिपायची.

तिसऱ्या दिवशी दोघं झऱ्यावर हातपाय धुवायला गेले होते. वही अंगणातल्या खाटेवर राहिली होती. बाबांनी मला खुणेनं बोलावलं.

"काय लिवलंय ते वाच."

"दुसऱ्याची वही वाचू नये, बाबा."

"मी वाचतो मंग," ते म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. शेवटी मीच वाचलं. सहा चाळीस, नर आला, उंबर, बारा फळं. सात पाच, पुन्हा, बाराच. सात तीस, आला नाही, फांदीवर माकड.

"येवढंच?"

"एवढंच."

"पान उलट."

मी पान उलटलं. पुढच्या पानावर वेळा, फळांची नावं आणि त्यांची मोजणी होती, आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेलं एका माणसाचं चित्र. मांडीवर कोयता, डोक्याला मुंडासं, मान वर करून झाडाकडे बघणारा. बाबांनी वही हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघितली. झऱ्याकडून पावलं वाजली तशी त्यांनी ती होती तशी खाटेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशीही ते त्यांच्याबरोबर गेले. कोयता घेऊनच.