सीलबंद पिशव्यांतले गोटे

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी भूवैज्ञानिक... दगड फोडून त्याची कुंडली सांगणारा माणूस. मला कोण घाबरवणार?

वणी तालुक्यात, राजूरच्या पुढे आमचं काम चाललं होतं. खनिजशोधासाठी एका परदेशी टीमसोबत भूगर्भीय नकाशा करायचा होता. पाहुणे तीन, आमच्या बाजूने मी, आणि वाट दाखवायला जवळच्या कोलाम पोडावरचे, म्हणजे कोलामांच्या पाड्यावरचे, भीमाकाका. या भागातल्या प्रत्येक सर्व्हेला तेच असत. त्यांची एक रीत होती — आम्ही जिथे खडक फोडू, तिथे ते नाल्यातला एक गोटा ठेवायचे. पाहुणे कौतुकाने फोटो काढत.

एका टेकडीपाशी काका म्हणाले, "तेवढी सोडा साहेब. थे आमच्या देवाची हाय."

"सोडली," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांना पाणी आणायला पोडावर पाठवलं आणि त्याच टेकडीचे नऊ नमुने फोडून घेतले. लाज वाटली का? अजिबात नाही. पिशव्या मीच सील केल्या, सीलवर माझीच सही. कुरिअरला देईपर्यंत नमुन्यांच्या पेटीची किल्ली माझ्याच खिशात होती.

दोन महिन्यांनी परदेशातल्या लॅबचा मेल आला. बाकी नमुने ठीक, पण त्या नऊ पिशव्यांत नाल्यातले गुळगुळीत गोटे! सील अखंड...

मी तडक टेकडीवर गेलो. जीपीएस पॉइंट तोच. खडकावर हातोड्याची एक खूण नाही. दगडफूल चढायला वर्षानुवर्षं लागतात, आणि ते सगळीकडे एकसारखं पसरलेलं. नमुने घेताना मोबाईलवर काढलेल्या माझ्या फोटोत मात्र तोच खडक फुटलेला आहे... आजही.

चौकशीत हे कोण ऐकणार? परदेशी टीम करार मोडायला निघाली होती, माझी नोकरी जाणार होती. मी लिहून दिलं — नमुन्यांजवळ भीमाकाका असायचे, गोटे ठेवायची सवय त्यांचीच. झालं. त्यांना सर्व्हेच्या कामावर कायमची बंदी आली.

मागच्या महिन्यात ते राजूरच्या स्टॉपवर भेटले. आवाज चढला नाही, काही नाही.

"साहेब, मी तवा टेकडीवर नव्हतोच ना. तुमीच मले पाण्याले धाडलं होतं. थे काहून नाई लिवलं?"

गोटे कुठून आले, हे मला आजही सांगता येत नाही. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला माहीत होतं. "बस आली," म्हणून मी उठलो आणि चालू लागलो.

बस आली नव्हती.