निळ्या शाईतली खाचरं

डिंभ्याची वैजयंती अंगणवाडीत सेविका. चौदा वर्षं तिनं जाड रजिस्टरांत पोरांची वजनं लिहिली. मग नोंदी मोबाईलवर गेल्या. एकदा किराण्याची यादी करताना तिला स्वतःचंच अक्षर परकं वाटलं.

घोडेगावला मीटिंग संपली, एसटीला वेळ होता. स्टँडजवळच्या दुकानात तिनं शाईचं पेन मागितलं. दुकानदार आदेशनं मागच्या फळीवरून खोकं काढलं आणि एक हिरवं पेन भरून तिच्या हातात दिलं. पहिल्याच अक्षराला निब कागदात रुतली.

"ताई, रेटू नका. जरा तिरकं धरा आन् नुसतं टेकवा. बाकी पेन करतंय."

तिनं टेकवलं. रेघ आपोआप वाहत गेली. शाईची बाटली आणि जाड कागदाची वही घेऊन ती घरी आली. पातळ कागदावर शाई फुटते, हेही तिला आदेशनंच सांगितलं.

पण लिहायचं काय? काही दिवस ती नुसतंच स्वतःचं नाव गिरवत राहिली.

वैशाखात धरणाचं पाणी उतरलं आणि त्यात बुडालेल्या जुन्या गावाची शेतं उघडी पडली. एका संध्याकाळी ओटीवर सासू, बायडाबाई, खालच्या गाळाकडे बघत म्हणाली, "त्यो बांध दिसतोय न्हवं, ती जांभळीची खाचरं. त्याच्या वर कोंबडपट्टी."

वैजयंतीनं लिहून घेतलं. ओली शाई वाळेपर्यंत दोघी थांबायच्या, आणि तेवढ्यात बायडाबाईला पुढचं नाव आठवायचं. रोज दोन-तीन नावं. कधी खाली पाण्यावर धुकं धरायचं आणि वाटायचं, तिथं कुणीतरी भात लावतंय.

मग ती ते बांध जवळून बघायला वही घेऊन एका मासेमाऱ्याच्या होडीत बसली. वाऱ्यानं पाणी उडालं आणि चार पानं नुसती निळी झाली. घरी येऊन ती उंबऱ्यातच बसली.

"रडती कशाला? मी हाये ना अजून," बायडाबाई म्हणाली.

ती पुन्हा सांगायला लागली. या खेपेला नुसती नावं नव्हती. कुठलं खाचर कुणाचं, आवणीला, भात लावताना, तिथं कोण गायचं, कुणाचा बैल कुठं बुजला, सगळं आलं. वैजयंतीनं आदेशकडून पाण्यानं न जाणारी शाई आणली. "ही पेनाच्या आत वाळती. आठवड्याला पेन धुवा," त्यानं बजावलं.

वही भरत आली तेव्हा बायडाबाईनं हात पुढं केला. आयुष्यभर अंगठाच उठवलेली बाई. तिनं पेन टेकवून एक नागमोडी रेघ ओढली.

"ह्यो वढा. आन् हितं आमचं घर."

घराच्या जागी तिनं निब इतका वेळ धरली, की ठिपका फुगत गेला.

"लई मोठं झालं, आत्या."

"असू दे. घर मोठंच व्हतं."